तिसरा सूट

समोरच्या सीटवरच्या माणसानं पुढं वाकून माझ्या कोपराला एक बोट लावून पाहिलं, आणि मला कोपर आहे हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. बोट लावलं म्हणजे काही वावगं केलं नाही. गाडीत शेजारच्यानं टरबूज घेतलं असेल तर आपण जसं टिचकी मारून बघू, तसं. पण कापडावरून लागलेलं बोट आपल्याला कुणीतरी येऊन सांगितल्यासारखं कळतं, आणि रबरावरून लागलेलं बोट सगळीकडून एकदम कळतं. त्या बोटाला घट्टा होता, ते गार होतं, नखाजवळ चिरलेलं होतं, एवढं मला माझ्या कोपरानं सांगितलं. कोपर हा अवयव इतका हुशार असेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्या माणसाकडे बघितलं. त्याच्या मांडीवर पत्र्याची पेटी होती आणि पेटीतून पाइप पकडायचा मोठा पाना डोकावत होता, म्हणजे प्लंबर. तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. कोपराकडेच बघत होता.

"किती जाडी?" त्यानं विचारलं.

"अर्धा मिलिमीटर."

"ओतीव की चिकटवलेलं?"

"चिकटवलेलं."

"शिवण नाहीच?"

"सुई चालत नाही. भोक पडलं की तिथून फाटत जातं."

"तेच तर मी बोंबलून सांगतो लोकांना," तो शेजारी विणत बसलेल्या काकूंना म्हणाला, "वॉशरला टाचणी लावायची नाही."

"मी कशाला लावू बाबा वॉशरला टाचणी?" काकू म्हणाल्या, आणि मग विणकाम खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. स्टेशनावर लोक बघत होते ते असं नव्हे. स्टेशनावर ते एकदा बघत आणि मग घड्याळाकडे बघत. फलाटावर गर्दी होती, पण माझ्याभोवती हातभर जागा मोकळी राहिली होती, ओल्या रंगाची पाटी लावलेल्या बाकाभोवती राहते तशी. मी गळ्यापासून घोट्यापर्यंत बाटलीच्या हिरव्या रंगाच्या रबरात होतो. ताईनं पॉलिश इतकं केलं होतं की फलाटावरचे दिवे माझ्या पोटावर ओळीनं दिसत होते. हातात माझ्या रोजच्या कपड्यांची पिशवी होती, पायात साधे कॅनव्हासचे बूट होते, आणि बुटांमुळेच लोक गोंधळत असावेत. बूट नसते तर मला कुठल्यातरी खात्यात टाकून ते मोकळे झाले असते.

मी या सूटचा मालक नव्हतो. मी त्याचा हँगर होतो. हे मी त्या दोघांना सांगितलं तेव्हा प्लंबरनं मान डोलवली आणि काकूंनी डोलवली नाही, म्हणून सगळं सांगावं लागलं. माझी थोरली बहीण, जिला मी ताई म्हणतो आणि जी मला ठोंब्या म्हणते, आठ वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात होती. तिथं पोर्सेलिनचे हजार हात एका साखळीवर उलटे लटकून येतात, दुधासारख्या रबरात बुडतात आणि वर येतात. ताईचं काम होतं त्यांतला बुडबुडा आलेला हात हुडकायचा. एक दिवस तिला वाटलं, हातच का म्हणून. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून तिनं मागच्या खोलीत काचेचं टेबल टाकलं, रबराच्या शीटचे गठ्ठे आणले, आणि कागदावर कापून, सोल्युशन लावून, रूळ फिरवून माणसं बनवायला लागली, म्हणजे माणसांची बाहेरची बाजू. घरातल्या पितळी कड्या काढून तिनं स्टीलच्या लावल्या, कारण पितळ लागलेल्या बोटानं रबराला हात लावला की तपकिरी डाग पडतो आणि तो मरेपर्यंत जात नाही. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या नाटक कंपनीनं तिच्याकडे एक सूट मागवला. नाटकात तो कोण घालणार, ते पात्र माणूस आहे की बेडूक, याचा पत्रात पत्ता नव्हता. पत्रात सगळीकडे नुसतं 'तो' लिहिलं होतं. 'तो'ची मापं होती, आणि ती वाचून ताईनं माझ्याकडे असं बघितलं की मी शर्ट काढायलाच लागलो. 'तो' आणि मी तंतोतंत सारखे होतो. इतक्या वर्षांत मी कुणाशीतरी तंतोतंत सारखा निघालो याचा मला आनंद झाला.

पहिला सूट पार्सलनं गेला आणि आठ दिवसांनी परत आला. छातीवर आडवी रेघ पडली होती, घडीची. पोशाखाच्या खोलीच्या बाईंनी पत्रात लिहिलं होतं, की दिव्याखाली ही रेघ शेवटच्या रांगेतूनही दिसते आणि प्रेक्षक नाटक सोडून रेघ बघतात. दुसरा सूट ताईनं घडी न घालता गुंडाळून पाठवला. तो पोटावर तीन रेघा घेऊन आला. त्या पत्रात मात्र खाली आणखी एक ओळ होती: कापणी आणि जोड इतके बारीक आम्ही आजवर कुठं पाहिले नाहीत, तिसरा नीट पोचला तर आमच्या पोशाखाच्या खोलीत एक जागा रिकामी आहे, ती तुमची समजा. ताईनं ते पत्र मला वाचून दाखवलं. मी "छान" म्हणालो. ताईनं पत्राची घडी घातली, मग घडी दिसल्यावर ती उलगडली आणि पत्र भिंतीला सपाट टेकवून ठेवलं. त्या आठवड्यापासून ती मला घरातली एकेक गोष्ट दाखवायला लागली. पाण्याची मोटर कशी चालू करायची, गॅसचा नळ कुठं असतो, अंडं किती मिनिटं उकडायचं. मी दिवसभर औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं सरळ लागली आहेत का ते बघतो. बाटल्या माझ्यासमोरून जातात, वाकडं लेबल दिसलं की बाटली उचलायची. अंडं उकडणं मला जमण्यासारखं होतं. पण रोज सकाळी मी विचारायचो, "सहा मिनिटं ना?" आणि ती म्हणायची, "आठ, ठोंब्या." मला आठच आहेत हे माहीत होतं.

माणसावर घालून पाठवायचं हे तिलाच सुचलं. घडी पडत नाही अशी जगात एकच पेटी आहे, ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. वर कोट घालायचा नाही, कापडाचा रंग रबराला लागतो. उन्हात उभं राहायचं नाही. पितळेला, तेलाला, नाण्यांना हात लावायचा नाही. हे सगळं मी मान डोलावून ऐकलं. मग ती माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आणि बसायचं नाही."

"साडेचार तास?"

"बसलास की गुडघ्यात ताण येतो, कोपरात येतो, मागं येतो. तासभर ताणलेलं रबर सोडलं की ते परत येतं, पण सगळंच्या सगळं येत नाही. पोतं होतं तिथं. घडीपेक्षा वाईट."

आज पहाटे तिनं मला टाल्कम पावडरमध्ये घोळवून सूटमध्ये भरलं. पाय, मग पोट, मग एकेक हात, हवा बोटांनी दाबत दाबत वर काढत. पाठीवरची प्लॅस्टिकची चेन तिनं खालून वर ओढली, एका दमात, आणि मानेजवळ पोचल्यावर तिचा हात तिथंच जरा थांबला. ती चेन मला स्वतःला उघडता येत नाही. घालणाऱ्या कुणालाच येत नाही, ती तशीच केलेली आहे. मी काल संध्याकाळपासून पाणी प्यायलो नव्हतो, त्यामागचं कारण मी काकूंना सांगितलं नाही, पण त्या समजल्या असाव्यात, कारण त्यांनी पर्समधली पाण्याची बाटली काढली आणि माझ्याकडे बघून परत आत ठेवली.

"म्हणजे तुम्ही बसणारच नाही?" त्या म्हणाल्या. माझी सीट त्यांच्या शेजारी होती, खिडकीची. तिच्यावर माझी पिशवी बसली होती.

"नाही."

"बघवत नाही हो. आपण बसलेलो आणि पोरगा उभा."

"मला सवय आहे."

"कसली सवय?"

मला कसलीच सवय नव्हती. बाटल्यांच्या कामाला उंच स्टूल असतं. पण उभं राहण्यात काहीतरी होतं ते मी बघत होतो. गाडी वळली की माझी सगळी त्वचा एकदम एका बाजूला सरकायचा बेत करायची आणि मग विचार बदलायची. दार उघडलं की गार हवा पाठीवरून पाणी ओघळावं तशी ओघळायची. घोट्याजवळ घाम जमून छोटं तळं झालं होतं आणि मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार दिला की ते तळं हलायचं. मांड्या एकमेकींना लागल्या की चुईं असा आवाज व्हायचा आणि डब्यातली तीन-चार डोकी वर यायची. रोज मी त्याच डब्यासारख्या डब्यांतून, त्याच लोकांसारख्या लोकांतून जातो. रोज मला कुणी बघत नाही आणि मी त्याला वाईट मानत नाही, कारण सरळ लागलेल्या लेबलाकडे कोण बघतं. आज सगळे बघत होते. आता हे मला बघत होते की सूटला, हा प्रश्न मी पहिल्या तासात खूप उलटसुलट केला. पुतळ्यावर कबुतर बसतं ते पुतळ्यावर बसतं की दगडावर? शेवटी मी ठरवलं, की ज्याला गार लागतंय त्याला बघतायत. गार मला लागत होतं.

प्लंबरनं तेवढ्यात माझ्या बसण्याचा प्रश्न स्वतःकडे घेतला होता. त्याच्या मते माणूस अर्धवट वाकून, पार्श्वभाग सीटला न टेकवता, तरंगत बसू शकतो. तो स्वतः सिंकखाली असा तास तास असतो. त्यानं करून दाखवलं. डब्यात मधोमध तो हवेत बसला, पेटी हातात धरून, आणि मी त्याच्यासमोर हिरवा उभा, आणि त्याच वेळी तिकीट तपासनीस आला.

तपासनीसानं आधी प्लंबरकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि कुणापासून सुरुवात करावी हे त्याला ठरवता आलं नाही, म्हणून त्यानं काकूंचं तिकीट मागितलं. मग माझं. मी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून दोन बोटांनी काढून दिलं.

"सीट आहे की तुमची."

"आहे."

"मग बसा."

"मी उभाच बरा."

"तसं चालत नाही. हा आरक्षित डबा आहे. या डब्यात उभ्यानं प्रवास करायला परवानगी नाही."

"पण माझ्याकडे आरक्षण आहे."

"बसायचं आहे. उभं राहायचं नाही."

"त्यांना नाही बसता येत," काकू म्हणाल्या.

"दुखणं आहे का काही?"

"रबर आहे," प्लंबर म्हणाला. "ताण येतो गुडघ्यात. परत येत नाही मग सगळं."

तपासनीसानं टोपी काढून डोकं पुसलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त मला कुठंतरी लिहायचं होतं आणि त्याच्या कागदावर उभ्यांचा रकाना नव्हता. "हे बघा," तो हळू आवाजात म्हणाला, "मी पुढच्या डब्यात जाऊन येतो. येईन तेव्हा तुम्ही बसलेले दिसला की झालं. नंतर उठा. मला काय."

तो गेला आणि मला एकदम उकडायला लागलं. कारण हे मला हवं होतं. पहाटेपासून, खरं तर पत्र भिंतीला टेकवून ठेवल्यापासून, मी याच माणसाची वाट बघत होतो. टोपी घातलेला, सरकारी आवाजाचा, मला बसायला लावणारा कुणीतरी. मी बसलो असतो तर गुडघ्यांची पोती झाली असती. पोती झाली की तिसरा सूट परत. सूट परत की ती जागा दुसऱ्या कुणाला, आणि ताई मागच्या खोलीत, आणि सकाळी आठ मिनिटं. सगळं इतकं सोपं होतं, की त्यासाठी मला वाईट वागायचीही गरज नव्हती. फक्त गुडघ्यात वाकायचं होतं, जे लहान पोरालाही येतं. आणि घरी जाऊन सांगायचं, नियमच आहे त्यांचा, काय करणार. ताई तपासनीसावर चिडली असती. मीही चिडलो असतो.

तपासनीस परत आला तेव्हा मी उभा होतो. का, ते मला सांगता येणार नाही. काकू आणि प्लंबर माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले होते, हे एक कारण असेल. काकूंनी विणकाम काखेत धरलं होतं, लोकरीचा गोळा सीटवर राहिला होता आणि दोरा ताणला गेला होता. "आता तिघं उभे आहोत," काकू म्हणाल्या, "कुणाकुणाला बसवता ते बसवा." तपासनीसानं कागदावर काहीतरी लिहिलं, कागद दुमडून खिशात घातला आणि पुढं गेला. त्यानं काय लिहिलं असेल याचं मला अजून कुतूहल आहे.

त्यानंतर आम्ही नातेवाईक झाल्यासारखे झालो. काकूंनी मला संत्र्याच्या फोडी भरवल्या, माझ्या हाताला रस लागू नये म्हणून. फोड माझ्या तोंडात ठेवताना त्यांचा हात माझ्या हनुवटीखाली आपोआप आला, थेंब झेलायला. अशा हातांची मला एकदम आठवण झाली, म्हणजे आईची नव्हे, आईच्या पाठीची. आईच्या सगळ्या ब्लाउजना हुक पाठीवर असायचे. सकाळी ती आरशासमोर उभी राहायची, काही न बोलता केस पुढं घ्यायची, आणि वडील जिथं असतील तिथून, चहा पीत असले तर कप ठेवून, यायचे आणि हुक लावायचे. पाच हुक. दोघं कधी बोलायचे नाहीत त्या वेळी. वडील फार बोलणारे नव्हतेच. त्या पाच हुकांत त्यांचं जे काय असेल ते बोलून व्हायचं आणि ते परत चहाकडे जायचे. वडील गेल्यावर महिन्याभरानं आईनं सगळे ब्लाउज उसवून पुढं बटणांचे करून घेतले. मी तेव्हा नववीत होतो. मला वाटलं फॅशन बदलली. ताईनं मात्र शिवणाऱ्या बाईंकडून ते गाठोडं आणलं आणि त्या संध्याकाळी ती जेवली नाही. आई गेली त्याला आता चार वर्षं झाली, आणि घरात माझ्या पाठीला हात पुरत नाही तिथं हात लावणारं एकच माणूस उरलं, आणि ते माणूस आठ मिनिटं म्हणतं.

काकू आणि प्लंबर एकाच स्टेशनावर उतरले. शेवटचं स्टेशन अजून तासाभरावर होतं. काकूंनी माझ्या दंडावर थोपटलं, ते थोपटणं मला पायाच्या बोटांपर्यंत पोचलं. "तुझ्या बहिणीला सांग, एका बाईनं विचारलंय म्हणून," त्या म्हणाल्या. काय विचारलंय ते सांगितलं नाही. प्लंबरनं फलाटावरून खिडकीतून पाना हलवला. डब्यात माझ्या बाजूला कुणी राहिलं नाही. पलीकडच्या टोकाला दोन-तीन जण झोपलेले होते.

गाडी सुटली आणि मी बसलो.

कुणी सांगितलं नव्हतं. तपासनीस नव्हता, नियम नव्हता, गाडीनं हिसकाही दिला नाही. मी पिशवी उचलून खाली ठेवली, सीटकडे पाठ केली आणि बसलो, इतका सावकाश की त्यात चूक म्हणायला जागा नव्हती. मागं रबर ताणलं गेलं, मग मांड्यांवर, आणि शेवटी गुडघ्यांवर. बाटलीचा हिरवा तिथं हळूहळू फिकट होत गेला, कच्च्या कैरीसारखा, आणि मग तसाच थांबला. ते बघायला इतकं मजेशीर होतं की पहिली काही मिनिटं मी दुसरा विचारच केला नाही. मी हात मांडीवर ठेवले, म्हणजे कोपरंही वाकली. पायांतून काहीतरी निघून जमिनीत गेलं. खिडकीबाहेर गोदामं होती, टाक्या होत्या, एका गच्चीवर कुणीतरी गादी वाळत घातली होती. मी स्वतःला विचारून बघितलं, की तू दमलास म्हणून बसलास का? दमलो होतो, पण आणखी तास काढता आला असता. राग म्हणून? राग शोधला, सापडला नाही. मला बहुधा फक्त बघायचं होतं. कुणी बघत नसताना मी काय करतो ते. एवढा वेळ सगळे मला बघत होते आणि मी चांगला उभा होतो. आता कुणी नव्हतं आणि इथं हा मनुष्य बसला होता, हिरवा, बहिणीच्या दोन वर्षांवर गुडघे ताणून. तो कसा दिसतो ते मी खिडकीच्या काचेत बघितलं. बरा दिसत होता. मला वाटलं होतं त्याच्या तोंडावर काहीतरी दिसेल.

शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे मी उठलो. फिकट भाग गडद झाला, पण सगळाच्या सगळा झाला का हे कळेना. नीट बघायचं तर वाकावं लागलं असतं, आणि आता वाकायची मला भीती वाटायला लागली, जी तासाभरापूर्वी वाटायला हवी होती. नाटक कंपनीची इमारत स्टेशनाच्या मागच्याच रस्त्यावर होती. मी भिंतींच्या सावलीतून गेलो, ताईनं सांगितल्याप्रमाणे. बाकी सगळं मी ताईनं सांगितल्याप्रमाणेच केलं होतं.

पोशाखाच्या खोलीतल्या बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. मला बघितल्याबरोबर त्यांनी त्या सगळ्या काढून दूरच्या टेबलावर ठेवल्या, आणि त्यावरून मला कळलं की ताईचं इथं बरं चालेल. त्यांनी विचारपूस केली नाही. लांब दांडीचा दिवा ओढून माझ्या छातीवर आणला, मग पोटावर. "रेघ नाही," त्या म्हणाल्या. बाजूनं, मागून. "रेघ नाही." मग दिवा खाली गेला. त्या गुडघ्यांवर बसल्या, माझ्या, म्हणजे माझ्या गुडघ्यांसमोर त्यांच्या गुडघ्यांवर बसल्या, आणि अंगठ्यानं रबर दाबत राहिल्या. मी समोरच्या भिंतीवरचे टांगलेले कोट मोजत होतो. मला काय हवं होतं ते त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी दोन्ही उत्तरं एकदम दिली असती.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "कुठं सैल नाही. उभ्यानं आलात की काय?"

मी काहीतरी आवाज काढला.

त्यांनी पाठीवरची चेन उघडली. परक्या हातानं, खाली, एका दमात. गार हवा आली. रबर खांद्यावरून सुटलं आणि सालीसारखं उलटं होत होत खाली आलं, आतली बाजू बाहेर, पावडरीनं पांढरी. बाईंनी ते दोन्ही हातांवर झेललं, पसरलं, आणि थांबल्या. गुडघ्याच्या जागी आतून आणखी एक थर होता. कडा इतक्या पातळ करत नेलेल्या, की बोट फिरवल्याशिवाय लागत नव्हत्या. दुसऱ्या गुडघ्यालाही. कोपरांना. मागं, बसायच्या जागी, मोठा. बाईंनी सगळीकडे बोट फिरवून बघितलं.

"हे मी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "हा तर बसणाऱ्या माणसासाठी केलाय. तुमच्या बहिणीला कुणी सांगितलं?"

चार दिवसांपूर्वी शेवटचं माप झालं तेव्हा हे थर नव्हते. म्हणजे त्यानंतर, मी बाटल्यांकडे गेलेलो असताना, ताई काचेच्या टेबलाशी बसून एका बसणाऱ्या माणसाचा विचार करत होती. आणि मग पहाटे तिनंच मला त्यात भरलं, चेन वर ओढली आणि पुन्हा एकदा सांगितलं, बसायचं नाही.

"तिला माहीत असतं," मी म्हणालो.

"सोमवारपासून या म्हणावं तिला," बाई म्हणाल्या आणि सूट घेऊन आत गेल्या. आत कुणीतरी मोठ्यानं "आला का?" म्हणालं. तो 'तो' असणार. मी चड्डीवर स्टुलावर बसलो होतो. अंगावर सगळीकडे जोडांच्या रेघा उठल्या होत्या, उभ्या, आडव्या, काखेतून, मांडीवरून, अगदी नीट, आणि मी ओल्या बोटासारखा सुरकुतलो होतो. मी पिशवीतून फोन काढला.

"पोचलास?"

"पोचलो."

"घेतला?"

"घेतला." इथं थांबता आलं असतं. घरी जाऊन, दोन दिवसांनी, विसरलो होतो म्हणून सांगता आलं असतं. "सोमवारपासून ये म्हणाल्या."

पलीकडे काचेवर रूळ ठेवल्याचा आवाज आला.

"गुडघे कसे आहेत?" ताईनं विचारलं.

"उत्तम म्हणाल्या. कुठं सैल नाहीत."

"सूटचे नाही रे. तुझे."

मी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. "दुखतायत."

"दुखणारच. साडेचार तास उभा राहिलास."

"साडेतीन," मी म्हणालो.

"मला वाटलं होतं, दोन तासांतच बसशील," ताई म्हणाली.